जुनं बिस्किट जॉइनर घ्यावं का? (मकिता, १२० व्होल्टचं)

करवतकर
नमस्कार मंडळी. मी कोथरूडला राहतो. शनिवार-रविवार बाल्कनीत भुसा पाडणे हा छंद. आजवर स्टूल, चपलांचं कपाट आणि एक डुगडुगणारा टीपॉय एवढी कर्तबगारी आहे.

आता सहा फूट उंच पुस्तकांची मांडणी करायची आहे, १८ मिमी प्लायची, पाच कप्पे. त्यानंतर गावच्या पाडलेल्या वाड्याच्या सागवानी फळ्या आहेत, त्या जोडून जेवणाचं टेबल. स्क्रू मारून मारून कंटाळलो, शिवाय बाहेरून डोकी दिसतात ती वेगळीच.

बाणेरला एक काका अमेरिकेतून कायमचे परत आलेत. ते त्यांची हत्यारं काढताहेत. त्यात मकिताचं ३९०१ बिस्किट जॉइनर आहे, पेटीसकट (फळ्यांमध्ये खाचा पाडायचं यंत्र; त्या खाचांत लाकडाची चपटी चकती, म्हणजे बिस्किट, गोंद लावून घालायची आणि फळ्या जोडायच्या). साडेसहा हजार म्हणतात. आठ-दहा वर्षं वापरलेलं नाही. प्लेटवर १२० व्होल्ट लिहिलंय.

प्रश्न तीन. घ्यावं का? बघायला गेल्यावर काय तपासू? आणि व्होल्टेजचं काय करायचं?

खारी_बटर
मी शीर्षक वाचून तुटलेली बिस्किटं जोडायचं यंत्र समजून आत आलो. आमच्याकडे पुड्याच्या तळाशी बराच कच्चा माल आहे.

अण्णा६२
आधी व्होल्टेजचं सांगतो, कारण तिथे चूक झाली तर बाकीचे दोन प्रश्न उरणारच नाहीत. आपल्या २३० च्या प्लगात ते थेट घातलंत तर काही सेकंदांत धूर. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल.

अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०, म्हणून लोक घाबरतात. तसं घाबरायचं कारण नाही. या हत्यारांत कार्बन ब्रशवाली युनिव्हर्सल मोटर असते, तिला फ्रीक्वेन्सीशी घेणंदेणं नसतं. व्होल्टेज मात्र बरोबर हवं. यंत्र सहाशे वॉटच्या आसपासचं आहे, तेव्हा १ केव्हीएच्या खालचा ट्रान्सफॉर्मर नको, दीड असला तर उत्तम. तांब्याच्या वाइंडिंगचा घ्या. अ‍ॅल्युमिनियमचा स्वस्त पडतो आणि तापतो. "ट्रॅव्हल कन्व्हर्टर" म्हणून मिळणारी हलकी डबी दाढीच्या यंत्रापुरती असते, तिच्या नादी लागू नका.

मी ३४ वर्षं वीज खात्यात काढली. परदेशातून आणलेले मिक्सर किती जळालेले पाहिले, मोजदाद नाही.

करवतकर
धन्यवाद अण्णा. म्हणजे साडेसहा हजारांत ट्रान्सफॉर्मरचे पैसे मिळवायचे. आणि त्याचं वजन?

अण्णा६२
दीड केव्हीएचा असेल तर गव्हाच्या मोठ्या पिशवीएवढं धरा. बाल्कनीतच ठेवून द्यायचा, उचलायचा नाही.

लीड्सकर
अण्णांना +१. इकडे ब्रिटनमध्ये बांधकामाच्या साईटवर मुद्दाम ११० व्होल्टचीच हत्यारं वापरतात, शॉकचा धोका कमी म्हणून. पिवळे ट्रान्सफॉर्मर जागोजागी पडलेले असतात. पण त्यातले बरेच थोडा वेळ चालवून थांबण्याच्या हिशेबाने बनवलेले. बिस्किट जॉइनरला ते चालतं, कारण एक खाच पाडायला दोन-तीन सेकंद लागतात. त्याच ट्रान्सफॉर्मरवर पुढे मोठं सँडर (लाकूड घासायचं यंत्र) तासभर चालवू नका, एवढंच.

शिसवी
थोडं वेगळं मत. हे यंत्र घ्यायची गरजच काय? बिस्किटाने सांध्याची ताकद वाढते हा गैरसमज आहे. सागवानाच्या दोन फळ्या काठाला काठ लावून नीट चिकटवल्या तर सांधा लाकडापेक्षा मजबूत होतो. मी तोडून पाहिलंय. लाकूड फाटलं, गोंदाची रेघ शाबूत. बिस्किट फक्त फळ्या एका पातळीत धरतं. त्यासाठी साडेसहा हजार?

नंदिनी_ठाणे
शिसवी, टेबलाच्या फळ्यांबद्दल तुमचं बरोबर. मांडणीबद्दल नाही. प्लायच्या कडेला उभे-आडवे थर असतात, तिथे नुसता गोंद पुरत नाही. आडवी फळी उभ्या फळीला काटकोनात बसवताना बिस्किटाचा खरोखर उपयोग होतो. आणि ४५ अंशाच्या कोपऱ्यात तर फारच, नाहीतर गोंद लावल्यावर दोन्ही तुकडे साबणासारखे सरकतात.

मी चार वर्षं वापरतेय, तेही जुनंच घेतलं होतं. स्वयंपाकघराची सगळी कपाटं त्यावर केली. बाहेरून एक स्क्रू दिसत नाही. सासूबाई अजून विचारतात, "हे उभं कशावर आहे?"

सातारकर_मिस्त्री
नमस्कार. मी धंद्याने सुतार, तिसरी पिढी. आजोबा दोन फळ्यांना रंधा मारून उजेडासमोर धरायचे. मधून उजेड दिसला नाही की मग सरस लावायचा. बिस्किट नव्हतं, काही नव्हतं, ती टेबलं अजून चालू आहेत. चौकटीला कुसू (लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ) आणि ते बसायला भोक.

पण आजोबांच्या वेळी प्लायही नव्हता. मशीन वाईट नाही, कामाला लागतं. माझ्याकडे दोन आहेत. फक्त ते घेतल्याने रंधा मारायचा सुटत नाही हे ध्यानात ठेवा. काठ वाकडा असेल तर बिस्किट तो वाकडाच धरून ठेवणार.

म्युनिकवासी
मिस्त्रींनी प्लायचं काढलं म्हणून थोडा इतिहास. हा सांधाच मुळी चिपबोर्डासाठी, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीसाठी, जन्माला आला. स्वित्झर्लंडच्या लीस्टाल गावात हेर्मान श्टाइनर नावाचे सुतार होते. १९५०च्या दशकात युरोपात चिपबोर्डाचा वापर वाढला आणि त्याला जुने सांधे चालेनात, कुसू पाडायला गेलं की भुगा. मग १९५५च्या सुमारास त्यांनी दाबलेल्या लाकडाची चपटी, लंबगोल चकती काढली आणि तिच्यासाठी खाच पाडायची पद्धत बसवली. तीच पुढे लामेलो कंपनी. हातात धरायचं यंत्र साठच्या दशकाच्या अखेरीस आलं.

बिस्किट बीचच्या लाकडाचं असतं आणि दाबून पातळ केलेलं असतं. गोंदातलं पाणी शोषून ते खाचेत फुगतं आणि गच्च बसतं. म्हणून पाण्याचा अंश असलेला पांढरा गोंदच लागतो. इपॉक्सी लावलंत तर ते फुगणार नाही.

खारी_बटर
म्हणजे तत्त्व तेच. चहात बुडवलं की फुगतं. फक्त इथे वेळेत बाहेर काढायचं नाही.

करवतकर
आपला नेहमीचा पांढरा फेविकॉल चालेल ना मग?

सातारकर_मिस्त्री
चालतो. खाचेच्या दोन्ही भिंतींना लावा, नुसता बिस्किटाला चोपडू नका. आणि हात चालवा. बिस्किट एकदा फुगलं की फळी हलत नाही. दहा बिस्किटांचं काम असेल तर दुसरा माणूस सोबत घ्या.

गुहागरी
फुगण्याचा विषय निघालाच आहे तर आमचं दुःख ऐका. कोकणात जूनमध्ये बिस्किटं गोंद न लावताच फुगतात! शंभराची पिशवी उघडी राहिली. ऑगस्टमध्ये बघतो तर एकही खाचेत जाईना. हातोडीने ठोकलं तर प्लाय फाटला. कॅलिपर लावला तेव्हा चार मिलिमीटरच्या वर गेलेली. खाच चारचीच असते, मग जाणार कुठे?

आता चकलीच्या हवाबंद डब्यात ठेवतो, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. तरी फुगलीच तर मायक्रोवेव्हमध्ये अर्धं-अर्धं मिनिट, मधे थांबून. जास्त वेळ ठेवलंत तर जळतात, वास दोन दिवस जात नाही. (घरचे आता डब्यावर "खायचे नाही" असं लिहून ठेवतात.)

एडिसनकर
मी न्यू जर्सीत जुनं यंत्र सत्तर डॉलरला घेतलं, एका घराच्या सामानविक्रीत. इकडे हे सहज मिळतं, कारण ऐंशी-नव्वदच्या दशकात प्रत्येक हौशी माणसाने एक घेतलं आणि मग ते गॅरेजात पडून राहिलं. त्यामुळे "आठ-दहा वर्षं वापरलं नाही" यात काही विशेष नाही. उलट चांगलंच, झिजलेलं नसणार. ग्रीस मात्र वाळलेलं असेल.

आता माझी फजिती, सागवानी टेबल करणाराय म्हणून सांगतो. डायनिंग टेबलाला बिस्किटं लावली. संध्याकाळी गोंद, दुसऱ्या सकाळी सँडर. चकाचक. महिन्याभराने खिडकीतून तिरपं ऊन आलं आणि टेबलावर ओळीने लंबगोल खड्डे दिसायला लागले, जिथे जिथे बिस्किट तिथे तिथे. गोंदाच्या पाण्याने तेवढ्या जागचं लाकूड फुगलं होतं, मी फुगलेलं असतानाच घासलं, मग ते वाळून खाली बसलं. किमान आठवडाभर थांबा. पाहुणे आले की मी अजून टेबलक्लॉथ घालतो.

नंदिनी_ठाणे
एडिसनकर, माझं त्याहून वाईट. टीपॉयची गोल फळी करायची होती. चार फळ्या बिस्किटांनी जोडल्या आणि मग जिगसॉने गोल कापलं. कडेला बरोब्बर एक बिस्किट अर्धं कापलं गेलं. फिकट बदामी रंगाचा डोळा, माझ्याकडे बघणारा. आधी गोल आखायचं, मग बिस्किटं कुठे येतील ते ठरवायचं, हे ज्ञान तेव्हा आलं. सरळ फळीतही टोकापासून दोनेक इंच आत ठेवा, मधे सहा-आठ इंचांवर एक.

जुगाडू_जयसिंगपूर
एवढा खटाटोप कशाला? अँगल ग्राइंडर सगळ्यांकडे असतो. चार मिमीचं दातेरी ब्लेड लावायचं, गार्ड काढायचा, लाकडाची पट्टी टेकायला ठोकायची. झालं मशीन. आरपीएमही तेवढेच.

सातारकर_मिस्त्री
हे करू नका. आरपीएम सारखे असतील, पण जॉइनरमध्ये ब्लेड पूर्ण झाकलेलं असतं. यंत्र लाकडाला टेकवून पुढे दाबल्याशिवाय ते बाहेर येत नाही, सोडलं की स्प्रिंगने परत आत. ग्राइंडरवर उघडं दातेरी ब्लेड लाकडात अडकलं की ग्राइंडर अंगावर येतो. आमच्या शेजारच्या वर्कशॉपात एकाची दोन बोटं गेली. तोही हेच म्हणाला होता, झालं मशीन.

जुगाडू_जयसिंगपूर
बरं. मागे घेतो.

तिरपा_गुण्या
जुगाडच करायचा तर सुरक्षित असा आहे: राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) असेल तर ४ मिमीचा, बेअरिंगवाला खाचेचा कटर मिळतो. फळीच्या काठावर थोडं आडवं सरकवलं की बिस्किटापुरती खाच होते. २० नंबरच्या मापाच्या बिस्किटाला सुमारे १२ मिमी खोल लागते. पण हे काठालाच जमतं. मांडणीच्या उभ्या फळीच्या मध्यावर, जिथे कप्पा येतो, तिथे राउटरचा हा कटर पोचत नाही. आणि करवतकरांना पाच कप्पे करायचेत.

शिसवी
मग लाकडी खुंट्या, म्हणजे डॉवेल, आहेतच की. ड्रिल आणि भोक नेमक्या जागी पाडायला एक जिग. शंभर वर्षांची पद्धत.

नंदिनी_ठाणे
डॉवेल केलेत तुम्ही? भोक अर्धा मिमी इकडेतिकडे झालं की पॅनेल बसतच नाही. बिस्किटाची खाच लांबीला थोडी मोठी असते, दोन-तीन मिमी डावी-उजवीकडे सरकवता येतं. हौशी माणसाला तेवढी माफी लागते हो.

शिसवी
केलेत. म्हणूनच माझ्याकडे एक कपाट आहे ज्याचं दार पावसाळ्यात उघडत नाही. ठीक, ही बाजी तुमची.

अभय_बडोदा
डॉमिनो का नाही घेत? फेस्टूलचं. त्याचं पातं फिरतं आणि आडवं झुलतं, खरीखुरी कुसवाची भोकं पाडतं. ताकद बिस्किटाच्या कितीतरी पट.

खारी_बटर
कारण तेवढ्यात स्कूटर येते, आणि स्कूटरवरून तयार मांडणी घरी आणता येते.

म्युनिकवासी
खुर्ची करायची तर डॉमिनो. मांडणीला नको. मुद्द्यावर येऊ या, ते बघायला कधी जाणार आहेत?

करवतकर
रविवारी सकाळी. म्हणूनच दुसरा प्रश्न अजून लोंबकळतोय, काय तपासू?

सातारकर_मिस्त्री
लिहून घ्या. सोबत दोन सरळ प्लायचे तुकडे, गुण्या आणि दहा-बारा नवीन बिस्किटं घेऊन जा. बिस्किटं तुमचीच, त्यांची जुनी नकोत.

पहिलं, वायर काढून ठेवून पुढचा भाग आत-बाहेर करा. तो सरळ सरकला पाहिजे. दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवून बघा. तिथे ढिलाई असेल तर खाच ब्लेडपेक्षा रुंद पडते, बिस्किट खुळखुळतं. ही झीज दुरुस्त करणं अवघड, असेल तर सोडून द्या.

दुसरं, फेन्स. म्हणजे वरून फळीला टेकणारी पट्टी. ती ब्लेडला समांतर आहे का हे डोळ्यांनी कळत नाही. एका तुकड्याला खाच पाडा, दुसऱ्याला पाडा, बिस्किट घालून जोडा. वरून बोट फिरवा. एका टोकाला पायरी लागली आणि दुसऱ्या टोकाला नाही, तर फेन्स तिरपी.

आणि खाचेत बिस्किट हाताने दाबून गेलं पाहिजे. ठोकावं लागलं तर ब्लेडला धार लावून लावून ते बारीक झालंय. ब्लेड बदलता येतं, पण मधल्या भोकाचं माप कंपनीनुसार बदलतं, मोजून घ्या.

अण्णा६२
मोटरचं माझ्याकडून. कार्बन ब्रशच्या टोप्या बाहेरूनच उघडतात. ब्रश ५ मिमीच्या आत राहिला असेल तर बदलायचा, खर्च किरकोळ. चालू केल्यावर फटींतून पाहा: थोड्या निळसर ठिणग्या ठीक, गोल आगीचं कडं दिसलं तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, गेलं. बेअरिंगचा आवाज बंद करताना ऐकायचा, चालू असताना सगळंच ओरडतं. थांबता थांबता खरखर आली तर बेअरिंग. तीही बदलता येते. पण भाव करताना तोंड वाकडं करायला उपयोगी.

आणि काकांकडे ट्रान्सफॉर्मर आहे का ते आधी फोनवर विचारा. नसेल तर चालवून दाखवणार कसं?

करवतकर
अरे! हे डोक्यातच आलं नव्हतं. विचारतो.

गुहागरी
पुण्यात आहात तर बुधवार-रविवारचा जुना बाजारही बघा. मी तिथे मकिताचा रंधा घेतला होता. आतून दुसऱ्याच कंपनीचा निघाला, पण चालतो मात्र झकास.

करवतकर (रविवार, रात्री)
जाऊन आलो. सविस्तर सांगतो.

काकांकडे ट्रान्सफॉर्मर निघाला! परत येताना बायकोच्या मिक्सरसाठी घेतलेला, दीड केव्हीएचा. मिक्सर जळाला (अण्णा, नोंद घ्या, ट्रान्सफॉर्मर लावायच्या आधीच), ट्रान्सफॉर्मर पडून.

सरकता भाग घट्ट, अजिबात खुळखुळ नाही. ब्रश अर्ध्याहून जास्त शिल्लक. ब्लेडचा एक दात कडेला किंचित तुटलेला. बिस्किट हाताने गेलं. पण फेन्स मिस्त्रींनी सांगितलं तशीच निघाली. एका टोकाला पायरी, अर्ध्या मिमीहून थोडी कमी. मी तोंड वाकडं केलं. काकांनी चहा मागवला. शेवटी ट्रान्सफॉर्मरसकट साडेपाचला ठरलं आणि वर २० नंबरच्या बिस्किटांचा सीलबंद डबा फुकट.

आता फेन्स सरळ कशी करू?

सातारकर_मिस्त्री
करूच नका. फेन्स वर उचलून बाजूला ठेवा. सपाट टेबलावर फळी आडवी टाका, यंत्राचा तळ त्याच टेबलावर टेकवा आणि खाच पाडा. दोन्ही तुकड्यांना असंच. टेबल सरळ असलं की खाच समांतर येणारच. कप्प्यांसाठी एक सरळ पट्टी आडवी क्लॅम्प करून तिला तळ टेकवायचा. मी तर चांगली फेन्स असूनही असंच करतो.

आणि एक गोष्ट, शंभरदा सांगतो. आपला १८चा प्लाय कधीच १८ भरत नाही, १७ सुद्धा निघतो. म्हणजे खाच बरोबर मधे येणार नाही. त्याने बिघडत नाही, फक्त प्रत्येक फळीची एकच बाजू टेबलाला लागली पाहिजे. त्या बाजूला पेन्सिलने फुली मारा. फुली नेहमी खाली. एक फळी उलटली की पायरी आलीच.

करवतकर
फुली खाली. लिहून भिंतीला चिकटवलं.

नंदिनी_ठाणे
आणि गोंद लावायच्या आधी सगळं कोरडं जोडून पाहा. कंटाळा येतो, तरी.

करवतकर (पुढच्या शनिवारी)
झालं मंडळी! सगळ्या खाचा दोन तासांत. यंत्र लोण्यासारखं चालतं. आत्ताच क्लॅम्प लावले, फोटो टाकतोय. मेहुण्याला दुसरा माणूस म्हणून धरला होता, त्याच्या शर्टावर फेविकॉल आहे.

एडिसनकर
सुंदर! आठवडा थांबा हो, सँडर लपवून ठेवा.

शिसवी
मानलं. साडेपाच हजार वसूल.

सातारकर_मिस्त्री
छान झालंय. फोटो मोठा करून बघितला. वरची फळी डाव्या कोपऱ्यात बाजूच्या फळीपेक्षा मिलिमीटरभर वर आलीय. कोरडी जोडून पाहिली होती का?

करवतकर
नाही... थांबा, बघतो.

करवतकर
फुली वर आहे.

सातारकर_मिस्त्री
गोंद लावून किती वेळ झाला?

करवतकर
चाळीस मिनिटं.

सातारकर_मिस्त्री
मग राहू दे. सहा फुटांवर कोण बघतंय.

करवतकर
बायको पाच-दोन आहे. चालेल.